सोमवारपर्यंत थांबू नका

प्रश्न : डॉक्टरताई, स. न. वि. वि. माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. संक्रांतीपासून तिला फार तहान लागायला लागली. रात्री तीन-तीनदा उठते, तांब्याभर पाणी पिते, मग लघवीला जाते. आम्हाला वाटलं थंडीमुळे होत असेल. तिसरं वर्ष संपल्यापासून तिने कधी अंथरूण ओलं केलं नव्हतं, आता पंधरवड्यात चारदा केलं. सासूबाई म्हणाल्या जंत झालेत, म्हणून वावडिंग दिलं. गावातल्या डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून पाच दिवसांचं औषध दिलं, फरक पडला नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, सारखी बाहेर जायला मागते. जेवते भरपूर, तरी स्कर्ट कमरेला थांबत नाही, मी पिन लावून पाठवते. चुलत सासऱ्यांना शुगर आहे. काल त्यांच्या मशीनवर तिचं बोट टोचून बघितलं तर २८६ आली. ते म्हणाले मशीन जुनं आहे, शिवाय तिने नुकताच तिळाचा लाडू खाल्लाय. सगळे म्हणतात एवढ्या लहान पोरांना शुगर नसते. लॅबवाल्यांनी सोमवारी उपाशीपोटी आणायला सांगितलंय. संक्रांतीला मी तिला तिळगूळ फार खाऊ दिला, त्याने झालं का? आणि खरंच शुगर निघाली तर पुढे काय?
– एक आई, बार्शी तालुका (नाव छापू नये)

उत्तर : ताई, तुमचं पत्र म्हणजे दुरेघी वहीच्या दोन पानांचे फोटो होते. दुसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला तुमच्या मुलीने पेन्सिल दाबून लिहिलेला सातचा पाढा कागदातून उमटलेला दिसत होता. गुरुवारी रात्री तुम्ही पाठवलेले ते फोटो मासिकाच्या कचेरीतून माझ्याकडे शुक्रवारी दुपारी आले. या सदरातलं उत्तर छापून तुमच्या हातात पडायला महिना जातो, आणि तुमच्या पत्राला महिना नव्हता. म्हणून लिहायला बसायच्या आधी मी तुम्हाला फोन लावला. ते बोलणं छापायला तुम्ही आपणहून परवानगी दिलीत, म्हणून इतर आयांसाठी ते इथे देते.

मी विचारलं, आत्ता ती काय करतेय? तुम्ही म्हणालात, शाळेत गेली नाही, सकाळपासून दोनदा उलटी झाली, पोट दुखतंय म्हणते, पडून आहे. मी म्हटलं, तिच्या पोटाकडे बघा, श्वास कसा चाललाय? तुम्ही म्हणालात, पळत आल्यासारखा, पण पळाली तर नाही. मग मी तुम्हाला तिच्या तोंडाजवळ नाक न्यायला सांगितलं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तुम्ही हळूच म्हणालात, ‘उतरलेल्या पेरूसारखा वास येतोय.’

त्या एका वाक्यानंतर मला आणखी काही विचारायचं नव्हतं. मी सांगितलं ते एवढंच : सोमवार विसरा, आत्ता निघा. शहाळं नको, ग्लुकोज पावडर नको, मागेल तर साधं पाणी घोट घोट द्या. आणि सोलापूरला दवाखान्यात पोचल्यावर ‘उलट्या होतायत’ असं म्हणून रांगेत बसू नका. पहिलं वाक्य हे बोला : मुलीची शुगर २८६ आली होती, तहान-लघवी वाढलीय, वजन उतरलंय.

तुम्ही तसंच केलंत. तिथे शुगर ४३८ निघाली, लघवीत किटोन भरपूर. दोन दिवस अतिदक्षता विभागात, सातव्या दिवशी घरी. तुमचा नंतरचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात होते. तो मी दोनदा वाचला आणि मग पुढच्या बाळाला आत बोलावलं.

आता जे झालं ते का झालं, ते सांगते. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिन असलं तरच रक्तातली साखर स्नायूंच्या, चरबीच्या पेशींमध्ये शिरते. टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या बीटा पेशींवर उलटते. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं आत चालू असतं आणि बाहेर काही कळत नाही. बऱ्याचशा पेशी संपल्या की मग एकदम लक्षणं दिसतात. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती थोपवू शकत नाहीत, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी, म्हणून तहान. तुम्हाला वाटलं थंडीने लघवी होतेय. थंडीत लघवी वाढते हे खरंच आहे, पण थंडीत कुणी मध्यरात्री उठून तांब्याभर गार पाणी पितं का? तिथे थबकायला हवं होतं. पोर पोटभर जेवत होतं आणि पेशी मात्र उपाशी होत्या. मग शरीर चरबी जाळायला लागतं, वजन उतरतं, चरबी जळताना किटोन तयार होतात आणि रक्त आम्लयुक्त होतं. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, तोंडाचा तो पेरूसारखा वास, हे सगळं त्या आम्लाचं. या अवस्थेत मूल काही तासांत बेशुद्ध होऊ शकतं.

म्हणजे तिळगुळाने काही झालेलं नाही. एकही लाडू दिला नसता तरी हेच झालं असतं. तुमच्या मनातला हा काटा मला आधी काढायचा आहे, कारण अशी प्रत्येक आई गेल्या महिन्याभरात मुलाला काय काय खाऊ घातलं ते आठवत बसते.

‘लहान पोरांना शुगर नसते’ हे वाक्य मात्र मला कुणाच्याच तोंडी ऐकायचं नाही. टाइप १ मधुमेह सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे कधीही होतो, शाळकरी वयात तर खूपदा. तुमच्या चुलत सासऱ्यांना आहे तो टाइप २, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तो. त्याचा याच्याशी संबंध नाही, नावं फक्त सारखी आहेत. त्यांचं मशीन जुनं असेलही. चांगलं मशीनसुद्धा पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवतं. पण २८६ मधून पंधरा टक्के वजा केले तरी २४० च्या वरच राहतात, आणि निरोगी मुलाची शुगर लाडू खाऊनही साधारण १४० च्या आतबाहेर असते. मशीनला खरोखर फसवणारी एक गोष्ट आहे, बोटाला चिकटलेला गूळ. साबणाने हात धुवायचे, पुसायचे, दुसऱ्या बोटाला टोचायचं. पाच मिनिटांचं काम.

आणि हे उपाशीपोटी प्रकरण. मोठ्या माणसाला मधुमेह आहे का ते बघायला सकाळची उपाशी शुगर चालते, १२६ किंवा जास्त आली तर आहे म्हणायचं. पण तहान, लघवी, उतरतं वजन अशी लक्षणं असलेल्या मुलाला उपाशी ठेवायची गरजच नाही. जेवलेलं असो, खेळून आलेलं असो, कोणत्याही वेळी २०० किंवा त्याहून जास्त शुगर आली आणि लक्षणं आहेत, तर निदान झालं. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये पक्कं करायचं, तेही त्याच दिवशी. लॅबवाल्यांनी मुद्दाम चूक केली नाही, त्यांच्याकडे येणारे शंभरातले नव्व्याण्णव मोठेच असतात. पण त्या सोमवारपर्यंत तुमची मुलगी थांबली नसती.

हे मी इतक्या जोर देऊन का सांगते, तेही सांगते. १९९४ चा डिसेंबर होता. कराडला माझा दवाखाना सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतली एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन संध्याकाळी आली. पोर जोरजोरात श्वास घेत होतं. मी छातीला नळी लावली. छाती स्वच्छ होती. ती स्वच्छ आहे हे मला ऐकू आलं होतं, तरी मी न्यूमोनिया लिहिला, कारण त्या आठवड्यात मी न्यूमोनियाचीच पोरं बघत होते. इंजेक्शन दिलं, हाताला सलाइन लावलं, तेही ग्लुकोजचं. पहाटे मूल गेलं. त्याची आई रडत नव्हती. भिंतीला टेकून बसली होती आणि मला म्हणाली, ‘बाई, ह्याच्या मुताला मुंग्या लागायच्या. कोपीमागं रांग असायची.’

माझ्या पाठीमागच्या कपाटात बेनेडिक्टची निळी बाटली होती. तेव्हा लघवीतली साखर तशीच बघायचो. परीक्षानळीत पाच मिलिलिटर ते निळं औषध, आठ थेंब लघवी, दोन मिनिटं ज्योतीवर. साखर नसेल तर निळंच राहतं. असेल तर आधी हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि खूप असेल तर वीटकरी. दोन मिनिटं. मी त्या आईला लघवीबद्दल एक प्रश्न विचारला असता तर ती मुंग्यांचं बोलली असती. नंतर कितीतरी वर्षं मी वीटकामाच्या साइटवरून जाताना तो रंग बघायचं टाळत असे. आता माझ्या टेबलावर स्टेथोस्कोपच्या शेजारी ग्लुकोमीटर असतो. खूप आजारी दिसणाऱ्या आणि छाती स्वच्छ असून जोरात श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचं बोट मी टोचते. दहातल्या नऊ वेळा काही निघत नाही, आणि आया माझ्यावर नाराज होतात. होऊ देत.

इटलीत पार्मा नावाचं शहर आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९९१ पासून शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधं भित्तिपत्रक लावलं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, मूल खूप पाणी पितंय, तर मधुमेहाची शंका घ्या, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी तिथे मधुमेहाचं निदान होताना ७८ टक्के मुलं तुमच्या मुलीसारखी किटोन वाढलेल्या अवस्थेत दवाखान्यात पोचत. काही वर्षांत ते प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही, भिंतीवर एक कागद. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर इतकं काही रंगवलेलं असतं, त्यात हे दोन ओळींत बसेल. शिक्षक वाचत असतील तर माझी विनंती आहे : सारखं बाहेर जायला मागणाऱ्या मुलाला रागवायच्या आधी त्याच्या आईला निरोप पाठवा.

आता ताई, तुमच्या दुसऱ्या निरोपातले प्रश्न.

‘इन्सुलिनची सवय लागते म्हणतात, गोळी नाही का चालणार?’ नाही चालणार. इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं तर डाळीसारखं पचून जातं. आणि सवयीचं म्हणाल तर आपल्याला सगळ्यांनाच जन्मापासून इन्सुलिनची सवय आहे, तुमच्या मुलीला ते आता बाहेरून घ्यावं लागतंय इतकंच. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हा आजार झालेल्या मुलांना डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे मरण थोडं लांबावं. १९२१ मध्ये टोरंटोला फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. पहिल्या सुईने फारसं साधलं नाही. जेम्स कोलिप यांनी ते अधिक शुद्ध केलं, पुन्हा दिलं आणि मुलगा सावरला. या लोकांनी पेटंटचे हक्क टोरंटो विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. तुमच्या मुलीच्या शाळेत त्या दिवशी फुगे लागतील, तेव्हा तिला ही गोष्ट सांगा.

‘बरा होईल ना?’ मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आज तरी हा आजार जात नाही, इन्सुलिन आयुष्यभर लागतं. पण इथे एक धोका आहे, तो नीट ऐका. पुढच्या काही आठवड्यांत तिचा डोस कदाचित कमी होत जाईल. उरलेल्या थोड्या बीटा पेशी विश्रांती मिळाल्याने पुन्हा काम करायला लागतात, डॉक्टर त्याला हनीमूनचा काळ म्हणतात. नेमकं त्याच वेळी कुणीतरी नातेवाईक कारल्याचा रस, कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी दूरच्या गावातलं औषध आणून देतो, शुगर उतरते आणि श्रेय त्या पुडीला जातं. मग इन्सुलिन बंद होतं. हा काळ काही महिन्यांत सरतो आणि मूल पुन्हा उलट्या करत अतिदक्षता विभागात येतं. मी अशी मुलं पाहिली आहेत. कारल्याची भाजी हवी तेवढी करा. इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. ताप आला, जेवली नाही, तरीसुद्धा पूर्ण बंद नाही. आजारपणात उलट शुगर आणि किटोन जास्त वेळा बघायचे असतात.

‘काय खायला द्यायचं?’ घरात शिजतं तेच. भाकरी, वरण, भाजी, भात, अंडं, दूध. फक्त एक गैरसमज काढून टाका : ज्वारीची भाकरी ‘शुगरला चालते’ म्हणून कितीही द्यायची नसते. भाकरीनेही साखर वाढते, भाताहून जरा सावकाश. किती भाकरीला इन्सुलिनचे किती युनिट, हा हिशोब तुम्हाला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ ताई शिकवतील. पहिले दोन महिने घरातली तीच वाटी, तोच डाव वापरा आणि भाकऱ्या एकाच आकाराच्या थापा. डोळ्यांना अंदाज बसला की मग सोपं जातं. वाढत्या वयाची मुलगी आहे, तिला उपाशी ठेवून शुगर खाली आणायची नाही. सणाला पुरणपोळी हवी असेल तर डॉक्टरांना विचारून तिचा डोस ठरवा आणि पंगतीत सगळ्यांबरोबर वाढा.

शुगर वाढण्यापेक्षा खाली जाण्याची भीती सुरुवातीला जास्त वाटते. ७० च्या खाली गेली की कमी. हात थरथरतील, घाम येईल, एकदम चिडेल किंवा गप्प होईल. त्या वेळी बिस्कीट किंवा चॉकलेट शोधू नका, त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर सावकाश चढते. तिच्या वीस किलोच्या आसपासच्या वजनाला दोन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा, वर आली नसेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. शुगर वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरी ठेवायचं का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिनचं तुम्ही विचारलंत, गावात वीज जाते, फ्रिज सासऱ्यांच्या घरी आहे. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, दाराच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. चालू बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण बार्शीच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली नाही. त्यासाठी मडक्याची युक्ती खरंच उपयोगी आहे. मोठं मडकं घ्या, त्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं बसवा, झाकण ठेवा, वाळू रोज भिजवा. बाटली प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून आतल्या मडक्यात.

आणि सिरिंजच्या टोपीचा रंग! ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की वेगळं लिहिते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलंत तर अडीच पट डोस जाईल. दुकानदाराने ‘हीच आहे आत्ता’ म्हणून दिली तरी घेऊ नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. टोचायची जागा रोज बदला, पोट, मांड्या. एकाच जागी टोचलं की तिथे गाठी येतात आणि इन्सुलिन नीट लागत नाही.

तुम्ही लिहिलंत की सुई बघून तिचे पप्पा अंगणात निघून जातात. त्यांना माझा निरोप द्या : दादा, हात थरथरला तरी चालेल, पण शिका. तुमच्या लेकीला रोज तीन-चार सुया घ्यायच्या आहेत. आईला एखादा दिवस ताप येईल, माहेरी जावं लागेल. माझ्याकडे एक ट्रॅक्टर चालवणारे वडील येतात, ते लेकीला टोचायच्या आधी एकदा स्वतःच्या दंडाला रिकामी सुई लावून बघायचे. दोन आठवड्यांनी थांबले.

खर्चाचा विषय तुम्ही एका ओळीत संपवलात, पण मला तो कळला. सरकारी रुग्णालयातून इन्सुलिन मिळतं का ते आधी विचारा, संकोच करू नका. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी उभी केलेली ड्रीम ट्रस्ट ही संस्था गरीब घरांतल्या अशा मुलांना इन्सुलिन पुरवत आली आहे. तुमच्या डॉक्टरांकडून जवळच्या अशा संस्थेची चौकशी करून घ्या.

शाळेत मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला दोघांनाही भेटा. मधल्या वेळेच्या आधी भूक लागली तर खाऊ द्यावं, पाणी आणि लघवीला अडवू नये, दप्तरातल्या साखरेच्या पुडीला हात लावू नये, एवढंच सांगा. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली आहे, मग दुसरीच्या वर्गात अडचण नसावी.

धाकट्या मुलाचं : भावंडाला होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच. म्हणजे पंचाण्णव जणांना होत नाही. त्याचं बोट दर आठवड्याला टोचू नका. लक्षणं मात्र तुम्हाला आता पाठ आहेत.

सासूबाईंनी विचारलंय, हिच्या लग्नाचं काय. आजी, तुमची काळजी खोटी नाही. सात वर्षांच्या मुलीसाठी आत्तापासून का, असंही मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे हा प्रश्न पहिल्याच दिवशी घरात शिरतो, आणि मुलगा असला तर शिरत नाही. शुगर आटोक्यात ठेवणाऱ्या मुली शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात, त्यांना निरोगी बाळं होतात. माझ्या हाताखाली वाढलेल्या अशा एका मुलीच्या बाळाला मी लस टोचली आहे. तुम्ही फक्त एक करा, हा आजार लपवू नका. लपवलेल्या घरातली मुलं पाहुण्यांसमोर सुई घ्यायला लाजतात आणि डोस चुकवतात. तुमच्यासमोर तिने ओसरीवर बसून सुई घेतली तर गाव दोन दिवस बोलेल आणि मग विसरेल.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा, वजन ७१ किलो. मान काळी पडली आहे, घासूनही जात नाही. दोन्ही आजोबांना डायबेटिस. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ५.९ आलं. त्याला इन्सुलिन लागेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी घासणं बंद करा, तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की मानेवर, काखेत अशी जाडसर, मखमलीसारखी काळी त्वचा येते. मुलाला त्यावरून कुणी चिडवत असेल तर ते घरापासून थांबवा. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. हा वरच्या पत्रातला आजार नव्हे, हा टाइप २ च्या वाटेवरचा आहे आणि इथून माघारी फिरता येतं. हिमोग्लोबिनही तपासा, लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसतं. रक्तदाब, यकृताची तपासणी आणि कोलेस्टेरॉल एकदा करून घ्या. इन्सुलिन आज लागेल असं दिसत नाही, औषधाचं तुमचे डॉक्टर ठरवतील. पण एकट्याला पोळी मोजून देऊन उपयोग नाही. कोल्ड्रिंकची बाटली घरातून सगळ्यांसाठी जायला हवी आणि संध्याकाळी एक तास तो मैदानावर हवा, क्लास एक कमी झाला तरी. मात्र तहान-लघवी वाढली आणि वजन आपोआप उतरायला लागलं, तर ‘बरं झालं, बारीक होतोय’ म्हणू नका. त्याच दिवशी शुगर बघा.

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा मुलगा न्यूमोनियाने दाखल होता. तेव्हा एकदा शुगर १७८ आली. घरी आल्यावर ९२, ८८, ९५ येते. आम्ही रोज तपासतो. त्याला मशीन दिसलं की तो पलंगाखाली जातो. किती दिवस तपासायचं?
– एक बाबा, नाशिक

उत्तर : खूप ताप, श्वासाचा त्रास, त्यात कधी स्टेरॉइडची औषधं, अशा वेळी शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि शुगर तात्पुरती चढते. बहुतेक मुलांत आजार उतरला की तीही उतरते, तुमच्याकडे तसंच झालंय. तुमच्या डॉक्टरांना हे सगळे आकडे दाखवा. तहान नाही, लघवी नेहमीसारखी, वजन वाढतंय आणि त्यांचंही समाधान झालं, तर रोजचं टोचणं आजपासून बंद. मशीन कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, पट्ट्यांची डबी घट्ट झाकून. रात्री उठून पाणी मागायला लागला, डायपर एकदम जड व्हायला लागले, तर काढा. तोवर त्याला पलंगाखालून बाहेर येऊ द्या.